वाक्यातून गाळायचा शब्द

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या बाईंसमोर ‘बिचारी’ म्हणायची सोय नव्हती. त्या लगेच बोट उचलून थांबवायच्या. “तो शब्द गाळून वाक्य पुन्हा बोला.” बहुतेकांकडे मग वाक्यच उरायचं नाही.

नव्वदच्या दशकात स्वतःचं शिलाई मशीन विकून त्यांनी बहिऱ्या, अपंग मुलींना कारखान्यांत काम मिळवून देणारी कंपनी काढली होती. कंपनीचं नाव भारदस्त, मालमत्ता एक टेबल. सगळीकडून नकार घेऊन त्या एका बहिऱ्या मुलीसह आमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात आल्या. मी तिथे कारकून होतो. “इथंही नाही म्हणाले, तर टेबलही विकते,” त्या मला जिन्यात म्हणाल्या.

शेठनी मुलीकडे पाहिलं. “बिचारीला हाक कशी मारायची, बेन?”

बाईंचं बोट वर गेलं आणि मी पाहत असताना पहिल्यांदाच खाली आलं. “मारून बघा ना, शेठ.”

त्यांनी मुलीला आत कारागिरांमध्ये उभं केलं. लूम धडधडत होते. शेठ दारातून ओरडले, पुन्हा ओरडले. एकही मान वळली नाही. वैतागून त्यांनी हात हलवला, तेव्हा सर्वांत आधी ती मुलगी धावत आली. शेठनी बाईंकडे पाहून नाइलाजाने होकारार्थी मान हलवली.

जिन्यात बाई मला हळूच म्हणाल्या, “शेठच्या हातावरून नजर काढू नकोस, एवढंच शिकवलं होतं तिला.”

त्यांनी वळून पाहिलं. शेठ दारात उभे राहून अजूनही कुणाला तरी हाका मारत होते.

“बिचारे,” बाई म्हणाल्या.