शेवटचा ‘हाव’

दुपारी दोनच्या सुमाराला आमचं अमडापूर पेंगायला लागतं. मी मागच्या पडवीत खाटेवर आडवी होते, निंबाची सावली अंगावरून सरकत असते, आणि उशाशी फोन हळूच वाजतो. कोडं आलेलं असतं.

पंचवीस जणांचा हा फोनवरचा कोड्यांचा गट हिवरा आश्रमाकडच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी काढलेला. कुणी राम राम लिहितं, कुणी जय भीम. एकमेकांना आम्ही कधी पाहिलेलंही नाही. नियम एकच. कोडं सुटलं की नुसतं ‘हाव’, म्हणजे आमच्याकडचं ‘हो’, लिहायचं, नाही सुटलं तर ‘हारलो’. शेवटच्या माणसाचं येईपर्यंत उत्तर फोडायचं नाही.

कोडं वाचून मी डोळे मिटते. अर्धी झोप, अर्धी जाग. शब्द पाण्यावरच्या पानांसारखे जवळ येतात, लांब जातात, आणि मधेच एखादा हाताला लागतो. अहाहा! त्या सुखापायी माझा चारचा चहा कितीदा तरी राहून गेलाय.

पण माझा स्वभाव! राग कायम नाकावर. माझा हाव पहिल्या पाचांत, आणि बीबी गावच्या एका ताईंचा पार दिवेलागणीला. रोज! बरं, ‘हारलो’ म्हणून मोकळ्याही होत नाहीत.

एकदा कोडं आलं, ‘एक बसून राह्यते, दुसरा लोळून लोळून थकते, अन् जीव जाते मधातल्याचा.’ मला चुटकीसरशी सुटलं. चार वाजले, पाच वाजले, बीबीचा पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. फोन तोंडाशी धरून गटावर आवाजच पाठवला, “काऊन हो ताई, झोपल्या का? पाटा-वरवंटा हाय ते! एवढंही सुचत नाही?”

चुकलं हे मला कळलं होतं, पण कबूल कोण करतंय!

त्यानंतर चार दिवस बीबीकडून ना हाव, ना हारलो. पाचव्या दिवशी राहवेना, मीच त्यांना फोन लावला.

“मले सुटते हो लवकर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण माह्या मालकाले लकवा मारला, वाचा गेली. दुपारी त्याईले कोडं सांगून बसते. त्याईनं खुणेनं उत्तर देल्लं का मंग मी हाव लिहिते. त्या दिवशी त्याईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘पा’ एवढं निघालं होतं. तेवढ्यात फोन वाजला, मी दाबला, अन् तुमचा आवाज आला. आता कोडं काढलं का भिताडाकडं तोंड करतात.”

मी फोनवरच ढसाढसा रडले. त्या घरात एक शब्द उगवत होता, आणि मी मेलीनं तो खुडला.

ताईंना विचारून मी गटाला सगळं सांगितलं, आणि एक मागणं घातलं. आता पहिली पाळी त्यांच्या मालकांची, ते बोलेपर्यंत कुणीच हाव लिहायचा नाही. पोस्टमास्तरांनी मुद्दाम सोपं कोडं घातलं, ‘अख्खं घर माह्यावरून आत गेलं, मी मात्र दारातच.’

सगळ्यांना आलं असणार, पण कुणी अक्षर लिहिलं नाही. एक दुपार गेली, दुसरी गेली, आठवडा गेला. मी सावलीत पडून विचार करायचे, चोवीस माणसं, कुठल्या कुठल्या गावांत, एकच शब्द तोंडात धरून बसली आहेत. माझ्यासारखी उतावीळ बाई तशी पडून राहिली, आणि आश्चर्य म्हणजे मला ते गोड वाटत होतं. फक्त मधूनच मनात यायचं, आता ते बोललेच नाहीत तर?

नवव्या दुपारी बीबीहून आवाज आला. आधी पंख्याची घरघर. मग ताईंचं हलकंच, “सांगा नं.” मग पुन्हा नुसता पंखा. आणि मग एक जड, पुरुषी आवाज, “उं... बर... ठा.”

नियम मोडला की हो! नुसतं हाव म्हणायचं सोडून गड्यानं उत्तरच फोडलं.

आणि धडाधड हाव यायला लागले. हाव, हाव, हाव. पडदा भरून गेला. मला मात्र अक्षरंच दिसेनात. डोळे पुसून पुसून लिहिलं, तेव्हा माझा हाव सगळ्यांत शेवटी गेला.