केबलवाल्याकडे राहिलेला पासवर्ड

आमच्या रत्नागिरी तालुक्यातल्या एका केबलवाल्या ठेकेदाराने आपल्या गिऱ्हाइकांना फसवले. पैसे घेऊन घरोघरी इंटरनेट दिले, पण प्रत्येक राऊटरचा कारभार आपल्या माणसांच्या हातात ठेवला. त्यापायी एका निरपराध खलाशाची बोट हुकली. निवृत्त होऊन मला बराच काळ झाला, पण हे प्रकरण अजून डोक्यातून गेलेले नाही. नावे कोणाचीच लिहीत नाही.

आरे-वारेच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावातून एक गृहस्थ आमच्या पोलीस ठाण्यात आले. त्यांची मुलगी शिक्षिका. तिचे लग्न ठरले होते. कोणीतरी तिच्या नावाने, तिचा फोटो लावून खोटे खाते उघडले आणि होणाऱ्या सासरी घाणेरडे संदेश पाठवले. लग्न मोडले. गृहस्थ धड बोलूही शकत नव्हते. त्यांच्यासोबत गावातला एक दुकानदार आला होता, तोच सगळे सांगत होता.

"साहेब, गावाला माहीत हाय कोणी केलंय ते. आमच्या शेजारचा खलाशी. त्याच्या बापाने पोरासाठी हिला मागणी घातली व्हती, यांनी नाय म्हणून सांगितलं. तो राग."

मी गुन्हा दाखल केला. सायबर शाखेकडून माहिती मागवली. उत्तर आले ते दुकानदाराच्या बोलण्याशी तंतोतंत जुळणारे. संदेश खलाशाच्याच घरच्या जोडणीवरून गेले होते आणि तो तेव्हा सुट्टीवर गावातच होता. दुसरा कोणी अधिकारी असता तर प्रकरण तिथेच मिटले असते.

खलाशाला नोटीस देऊन बोलावले. विशीतला पोरगा, उन्हाने रापलेला. त्याला लवकरच बोटीवर रुजू व्हायचे होते आणि कंपनीने पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला होता. दाखला आमच्याच ठाण्यातून जायचा. म्हणजे त्याची बोट माझ्या टेबलावर अडकलेली होती.

माझी आई मासळीबाजारात बसायची. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत अधिकारी झालो, पण चौकशी करायला शिकलो ते त्या बाजारात. गिऱ्हाईक खरे की खोटे, हे भाव पाडून दिला की कळते. मी पोराला भाव पाडून दिला.

"माफीनामा लिहून दे. मुलीचे वडील भले आहेत, मी त्यांच्याशी बोलतो. तू बोटीवर जा."

"जे केलंच नाय त्याची माफी कसली मागू, साहेब?"

"बोट जाईल."

"जाऊ दे."

मी टेबलावर हात आपटला. आवाज चढवला. माझा आवाज चढला की बाहेरचा ठाणे अंमलदारसुद्धा उठून उभा राहायचा. पोरगा रडला, पण लिहून दिले नाही. गुन्हेगार घासाघीस करतो. नाव गाळा, कलम कमी लावा, घरी सांगू नका, असे काहीतरी मागतोच. याने काहीच मागितले नाही. तेव्हाच मला वाटले, मासळी दुसऱ्याच्याच टोपलीत आहे.

दुसऱ्या दिवशी सायबर शाखेच्या महिला हवालदारांना घेऊन मी त्याच्या वाडीत गेलो. वाडी डोंगराच्या कुशीत. तिथे मोबाइलला रेंज नाही. ठाण्यात निरोप द्यायचा म्हणून मी अंगणभर फिरलो, फोनवर एक काडी येईना. इतक्यात शेजारच्या पडवीतून आवाज आला. दुकानदार व्हिडिओ कॉलवर मुंबईतल्या कोणाला तरी आमचे दर्शन घडवत होता.

"बघ, बघ, पोलीस आलेत! मी म्हटलं व्हतं ना? तो जाडा दिसतो ना, तोच मोठा साहेब!"

मी हातातल्या मुक्या फोनकडे पाहिले, मग त्याच्या छपराकडे. खलाशाच्या घरावर खांबावरून काळी वायर आली होती. दुकानदाराच्या घरावर कुठलीही वायर नव्हती.

खलाशाच्या वडिलांना विचारले, "वायफायचा पासवर्ड शेजारी दिलाय?"

"नाय हो. गेल्या वर्षापासून आमचं बोलणं पण नाय. मी स्वतः बदलतो पासवर्ड अधूनमधून."

"आणि राऊटरच्या आतला?"

"आतला कुठला? तो केबलवाल्याचा वायरमन म्हणाला, काका, तुमच्या लक्षात नाय राहायचा, माझ्याकडे असू दे."

आमच्याकडे मुंबईला जाताना घराची चावी शेजारी ठेवतात. पाहुणा आला तर शेजारीच दार उघडून चहा करून देतो. त्या सवयीने त्यांना यात काही वावगे वाटले नाही.

पंचांसमक्ष हवालदारांनी राऊटर उघडला. वाचकांसाठी सांगतो, वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राऊटरचा कारभार पाहण्याचा पासवर्ड वेगळा. पहिला म्हणजे ओटीवर यायची परवानगी, दुसरा म्हणजे घराचा मालकी हक्क. हा दुसरा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता. तो कोणालाही सुचावा. आत गेल्यावर दिसले की त्याच राऊटरवर आणखी एक वायफाय चालू आहे. त्याचे नाव फोनच्या यादीत दिसत नाही आणि त्याचा पासवर्डही निराळा. त्या क्षणी त्यावर एकच फोन जोडलेला होता. शेजारी व्हिडिओ कॉल चालूच होता.

फोन जागेवर ताब्यात घेऊन पंचनामा केला. दुकानदार ओरडला, "हा अन्याय हाय! मी तक्रारीवाल्याच्या बाजूचा!"

वायरमनला ठाण्यात आणले. त्याने बसायच्या आधीच घासाघीस सुरू केली.

"साहेब, सगळं सांगितलं तर मला साक्षीदार कराल?"

"आधी सांग. भाव नंतर."

त्याने सांगितले. खलाशाच्या घरच्या जोडणीतून त्याने दुकानदाराला चोरून इंटरनेट दिले होते आणि त्याचे दरमहा पैसे घेत होता. आणखी काही वाड्यांमध्येही असेच चालले होते. ठेकेदाराच्या सगळ्या राऊटरना तोच एक पासवर्ड होता, म्हणून त्याला कुठेच अडचण आली नाही.

दुकानदाराच्या फोनमध्ये खोटे खाते सापडले. शिक्षिकेला ठरलेले ते स्थळ त्याला आपल्या भाचीसाठी हवे होते. संशय शेजाऱ्यावर जाणार हे त्याला पक्के ठाऊक होते.

मी ठेकेदाराच्या कार्यालयात गेलो. वातानुकूलित खोली, काचेचे टेबल.

"साहेब, गिऱ्हाइकाला पासवर्ड दिला की ते काहीतरी दाबून ठेवतात. मग आमच्या माणसाच्या फेऱ्या. एकच पासवर्ड सोयीचा पडतो."

"तुमच्या बंगल्याची चावी द्या माझ्याकडे. मलाही सोयीची पडेल."

तो हसला. मी हसलो नाही.

दुकानदार आणि वायरमन यांच्यावर दोषारोपपत्र गेले. ठेकेदारालाही आरोपी करावे, असा प्रस्ताव मी वर पाठवला. तो परत आला. शेरा होता, 'तांत्रिक बाब, ग्राहकाने स्वतः दक्षता घेणे अपेक्षित'. मी वरिष्ठांच्या दालनात जाऊन भांडलो. ते म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." शिक्षिकेचे पुढे दुसरीकडे चांगले झाले. खलाशाला मी स्वतःच्या हाताने दाखला दिला, पण तोवर बोट गेली होती. पुढची मिळेपर्यंत तो दुसऱ्यांच्या बागेत आंबे उतरवत होता.

या प्रकरणाने मला एवढेच शिकवले, की जो पासवर्ड आपल्याला माहीत नाही तो आपला नसतो. तुमच्या घरच्या राऊटरचा आतला पासवर्ड केबलवाल्याकडून मागून घ्या आणि त्याच्यासमोर बदला. कुरकुर करेल, करू द्या. दारातून हलू नका.

तो ठेकेदार आजही धंदा करतो आहे. ग्राहकाने दक्षता घ्यायची होती ना? मग ज्याची दक्षता घ्यायची ती वस्तू ग्राहकापासून का लपवली, हे त्याने त्या खलाशाच्या अंगणात उभे राहून सांगावे. आणि माझ्या प्रस्तावावर शेरा मारणाऱ्या साहेबांनी त्याच्या शेजारी उभे राहून सांगावे, की चावी ठेवून घेणारा निर्दोष कसा. मला दोघांचेही उत्तर हवे आहे, आणि तेही लेखी.