उपाशीपोटीची लाळ

किस्से दातांवरच्या किटणासारखे असतात. साचताना कळत नाहीत, खरवडायला घेतले की थरच्या थर निघतात. माझे बहुतेक ठाण्याच्या डेंटल कॉलेजातले, थिसिसच्या दिवसांतले. हिरड्यांची सूज वर्षानुवर्षं राहिली की शरीराची स्वतःचीच हत्यारं पेशींना झिजवतात, आणि त्या झिजेच्या खुणा लाळेत उतरतात. म्हणून मी चाळीस जणांची लाळ जमवत होते. आई नातेवाइकांना "मुलगी रिसर्च करते" एवढंच सांगायची.

*

लाळ सकाळची, उपाशीपोटी आणि आपसूक आलेली हवी. थुंकायचं नाही, मान खाली घालून नळीत गळू द्यायची. बाळकुमचे एक काका बसले आणि त्यांचं तोंड कोरडं ठणठणीत. आमच्या अटेंडंट सुमनताई, विभागातल्या सगळ्यांत जुन्या, त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "काका, कैरीची फोड. वर तिखट-मीठ."

मिनिटात नळी भरली! मागे आमचे गाईड सर उभे. शांतपणे म्हणाले, "ही कैरीची लाळ आहे. ओतून द्या."

*

निरोगी हिरड्यांच्या गटाला माणसं मिळेनात. सर म्हणाले, "माझ्या तपासा, आदर्श आहेत." हिरडीला प्रोबची बारीक सळई लावताच रक्त आलं. सरांनी आरशात बराच वेळ पाहिलं. "मला दुसऱ्या, सुजलेल्या हिरड्यांच्या गटात टाका. आणि हे विभागाबाहेर जाता कामा नये."

दुपारी कँटीनवाला मला विचारत होता, "सरांना मऊ भात देऊ का?"

*

नमुने बर्फात घालून कल्याणच्या लॅबला न्यायचे. एकदा शीळफाट्याला रिक्षा अशी अडकली की बर्फाचं पाणी व्हायला लागलं. महिन्याची मेहनत वाया जाणार म्हणून मी रडकुंडीला आले. रस्त्याकडेच्या मासळीवाल्या मावशींकडे धावले. त्यांनी बर्फ भरता भरता विचारलं, "काय हाय गो यात?"

"लाळ."

मावशींचा हात थांबला. "माज्या पापलेटाला पन एवरा बरफ नाय लागत, बाय."

*

तंबाखूवाल्यांना अभ्यासात घ्यायचं नव्हतं. बायका ठामपणे "छे, तंबाखू नाही" सांगायच्या. सुमनताई त्यांचं काळं बोट बघून विचारायच्या, "आणि मशेरी?"

"ती तर दात घासायला. ती काय तंबाखू आहे?"

भाजलेला तंबाखूच तो! अशा कितीतरी जणी ताईंनी पकडून दिल्या. ताईंचं स्वतःचं बोटही काळंच होतं, हे मात्र मी पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

शेवटी एक नमुना कमी पडला. ताईंनी स्वतःच नळी उचलली. "माझी घ्या ना, मॅडम. एवढ्या लोकांची घेतली, माझं पण नाव लागू दे कुठंतरी."

"तुमची चालणार नाही, ताई. मशेरी."

ताईंनी नळी स्टँडला परत लावली आणि फरशी पुसायला घेतली. चाळिसावा नमुना दुसऱ्या दिवशी मिळाला, थिसिस झाला, पण ते माझं बोलणं मला अजून टोचतं.

*

आता माझं डोंबिवलीत क्लिनिक आहे. गेल्या महिन्यात सकाळी शटर उघडलं तर पायरीवर सुमनताई बसलेल्या, रिटायर झालेल्या, थकलेल्या. मांडीवर स्टीलचा डबा. मी म्हटलं, "ताई, आत या, चहा घेऊ."

"चहा नंतर. आधी हे. उपाशीपोटीची आहे, आपसूक आलेली. मशेरी सोडून तीन महिने झाले."

डब्यात बर्फ होता. बर्फात एक नळी, आणि तिच्यावर ताईंच्या अक्षरात आकडा: ४१.