वॅक्सचे सहा हात

हसा, माझी ना नाही. पण चहा घोटभर पिऊन घ्या आधी, नाहीतर ठसका लागेल. कारण मी जो शहाणपणा केला, तो ऐकून माझी बायको अजून मधूनच भाकरी थापताना थांबते आणि एकटीच हसते.

तर झालं असं. मी उमरग्यात एका कचेरीत कारकून. आमच्या घरात आजवर कुणाची चारचाकी नव्हती. गेल्या वर्षी माझे शाळेतले बिराजदार सर, मुरुमचे, मला म्हणाले, "डोळे अधू झाले बाबा. गाडी आता तू घे. लई जणांनी विचारली, पण तू जीव लावशील." गडद निळी गाडी. सरांनी ती इतकी जपली होती की दार लावतानासुद्धा आवाज होऊ द्यायचे नाहीत.

आता माझ्या भाचीचं लग्न ठरलं. रविवारी, मुरुमलाच, विहारासमोरच्या मांडवात. बहीण म्हणाली, "दादा, पोरगी तुझ्याच गाडीतनं येणार." झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. गाडी अशी चमकली पाहिजे की वऱ्हाडाचे डोळे दिपले पाहिजेत.

हायवेवरच्या दुकानातून वॅक्सचा डबा आणला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "सावलीत लावा. पातळ हात द्या, वाळला की पुसा. लईच वाटलं तर उद्या दुसरा हात द्या. बास."

मी घरी येऊन विचार केला. तुम्हीच सांगा, पुसायचंच असेल तर लावायचं कशाला? आपण भिंतीला रंग देतो तो पुसतो का? आणि दोन हातांनी जर चमक येते, तर सहा हातांनी तिप्पट यायला नको? चमक तिप्पट, संरक्षण तिप्पट! ऊन नको, धूळ नको, चिमणीची शीट नको. हा हिशोब मला इतका सरळ वाटला की दुकानदाराचीच कीव आली.

गुरुवारी रजा टाकली. भर उन्हात, कारण उन्हात लवकर वाळतं ना, एकावर एक सहा हात दिले. डबा खरवडून संपवला. बायको दारातून म्हणाली, "अहो, लोण्यात घातल्यावानी दिसायली गाडी."

"थांब गं. उद्या बघ."

शुक्रवारी सकाळी बघितली. निळा रंग गायब! पांढरट, ढगाळ, जागोजागी ओघळ. राख फासलेल्या बुवासारखी गाडी उभी. वर हायवेची धूळ बसलेली, ती बोटानं पुसायला गेलो तर बोटच चिकटलं.

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसाला काय वाटलं असतं? मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, गाडीला आधीच कुणीतरी वरून रंग मारलेला होता. चांगलं पॉलिश लागलं आणि खोटा रंग उघडा पडला!

शेजारचे शिवाप्पाकाका, एसटीतून रिटायर झालेले डायव्हर, विचारायला आले, "काय रं, काय झालं हिला?"

"फसवलं काका. सरांनी रंगवलेली गाडी गळ्यात मारली."

काका नुसतं "आसं व्हय" म्हणाले.

चहाच्या टपरीवर गेलो, तिथं मी सांगितलं की गाडी ठोकलेली होती. कचेरीत पोचेपर्यंत ती पुलावरून खाली गेली होती. दुपारी मेव्हण्याला फोनवर सांगताना ती तीन दिवस पाण्यात होती. शपथ घेऊन सांगतो, मी खोटं बोलत नव्हतो. बोलता बोलता मला तसं दिसतच होतं!

शनिवारी सकाळी तशीच गाडी घेऊन मुरुम गाठलं. वाटेत भाषण पाठ केलं. "सर, मी तुमचा विद्यार्थी. निदान माझ्याशी तरी..." इथं आवाज जड करायचा, असंही ठरवलं.

सर ओट्यावर काळा चष्मा लावून बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. माझा आवाज ओळखून चेहरा फुलला. "आलास व्हय? बस. गाडी बरी हाय न्हवं?"

भाषण विसरलो. नुसतं तोंडातून निघालं, "सर, गाडी रंगवलेली होती, हे मला सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, काठी टेकत गाडीपाशी आले आणि बॉनेटवर तळहात ठेवला. लहान लेकराचा ताप बघतात तसा.

"हे चिकट काय हाय?"

"वॅक्स, सर."

"किती हात दिलास?"

"सहा."

"आन् पुसलं किती येळा?"

"पुसलं न्हाय. पुसलं तर निघून जाईल ना."

सरांनी काळा चष्मा काढला, डोळे टिपले, परत लावला. ते रडत होते की हसत होते, मला आजही माहीत नाही. मग आत हाक मारली, "अहो, माझं एक जुनं धोतर द्या भायेर."

सरांच्या घरच्या बाईंनी धोतर आणलं. सरांनी त्याची घडी केली आणि एकाच जागी घासायला सुरुवात केली. घासत राहिले. हळूहळू हाताएवढा निळा तुकडा उघडा झाला. आरशासारखा!

"मला आजून नीट दिसत न्हाय," सर म्हणाले. "तूच वाकून बघ. काय दिसायलंय?"

मी वाकलो. "मी दिसतोय, सर."

"मग बरोबर हाय. गाडीत दुसरा दोष न्हाय."

त्यांनी धोतर माझ्या हातात दिलं. मी घासत होतो आणि ते ओट्यावरून सांगत होते. पहिला हात रंगाला धरतो. दुसरा हात, पहिल्यात जी जागा सुटली तिच्यासाठी. त्याच्यापुढं जे लावशील ते धरायला जागाच नसती, ते फडक्याबरोबर निघून येतं. "आन् चमक पुसण्यानं येती रं, लेपण्यानं न्हाय." बाईंनी दोनदा चहा दिला. दुपार झाली. माझे खांदे गळून गेले, आणि मान तर वर होतच नव्हती.

निघताना सरांनी हळूच विचारलं, "हे आनि कुणाला बोलला न्हाईस न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाय सर."

रविवारी नवरी झोकात आली. सगळे गाडीचं कौतुक करत होते आणि मला त्यातलं एक अक्षर गोड लागत नव्हतं. सर मांडवात पहिल्या रांगेत बसले होते. ज्याला त्याला सांगत होते, "माझ्या विद्यार्थ्याची गाडी हाय."

सोमवारी उठलो आणि ठरवलं, जिथं जिथं बोललो तिथं तिथं जाऊन खरं सांगायचं. टपरीवर सांगितलं. कचेरीत सांगितलं. मेव्हण्याला फोन केला. शेवटी शिवाप्पाकाकांच्या दारात गेलो. हात जोडले.

"काका, सरांनी मला फसवलं न्हवतं. मीच सहा हात लावून पुसलं न्हवतं."

काका शांतपणे सुपारी कातरत होते. "म्हायती हाय की. बिराजदार सर तसं करनार न्हाईत, हे साऱ्या उमरग्याला म्हायती हाय. आन् तू काय करशील, हे साऱ्या गल्लीला."

"मग काका, त्या दिवशीच का बोलला न्हाईत?"

"तू लई मन लावून सांगत हुतास," काका म्हणाले. "मधीच कशाला तोडायचं?"