पाद्रीबाबांची कवळी

ग्लेंडा कीपिंगने कायमची नोकरी कधी धरलीच नाही. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कुठे एक्स-रेवाला आजारी पडला, कुठे एखादी बाळंतपणाला गेली, की बदलीवर ही हजर. "कायमचं केलं की मीटिंगला बसवतात," म्हणायची. नवरेही दोन केले, दोघांनाही वेळेवर सोडलं.

आमच्या गावातल्या दवाखान्यात ती तीन महिन्यांसाठी आली. मी पुढच्या टेबलाशी पेशंटची नावं लिहायला बसायचे. तिचं तोंड असं फाटकं की "श्वास धरा" म्हणाली तरी पेशंटला शिवी घातल्यासारखं वाटे.

एका रविवारी पाद्रीबाबा ओबेड टिबो आले. नरकाचं वर्णन करताना आवेशात त्यांनी पुढच्या चार दातांची कवळी गिळली होती. बायको म्युरिएल तोंडावर रुमाल दाबून शेजारी उभी. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"कुणाला थांगू नका," पाद्रीबाबा बोबडत म्हणाले.

"बाबा, अख्ख्या चर्चने बघितलंय. शर्ट काढा."

फोटोत कवळीच्या तारा लख्ख दिसल्या. डॉक्टर म्हणाले, पोटातून पुढे सरकलीय, आता वाट बघायची. आठवडाभर पाद्रीबाबा रोज फोटोला येत आणि मान खाली घालून जात. मी खोदून खोदून विचारलं, पण ग्लेंडा कवळीबद्दल चकार शब्द बोलेना.

पुढच्या रविवारी चर्च तुडुंब भरलं. बिनदातांचं प्रवचन कोण सोडतंय? ग्लेंडालाही मीच ओढून नेलं. पाद्रीबाबा उभे राहिले, घाम पुसला आणि बोबडतच म्हणाले, "माझ्या छातीवर गोंदलेल्या जलपरीबद्दल तुम्ही आठवडाभर कुजबुजताय, ते मला ठाऊक आहे. होय, ती उघडीच आहे. तरुणपणी मी मच्छीमार बोटीवर होतो. दारू प्यायलो होतो."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मागून कुणीतरी विचारलं, "कसली जलपरी?"

म्युरिएलने पुन्हा रुमाल काढला.

ग्लेंडा मात्र हसली नाही. उठून बाहेर गेली. मी मागे धावले, तर पायरीवर बसून डोळे पुसत होती.

"मी गावभर सांगितलं, असं वाटलं त्याला," ती म्हणाली. "अगं, बडबडी असेन मी, पण त्या खोलीत कपडे उतरवलेल्या माणसाचं कधी बाहेर काढलंय का?"

मंगळवारी पाद्रीबाबा दवाखान्यात आले. दात जागेवर होते, हातात म्युरिएलने भाजलेला, बेरीचं सारण भरलेला पाई होता.

"चुकलं माझं, ग्लेंडाबाई."

तिने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "उकळलीत ना?"

"तीनदा."

"मग बसा. चहा घेऊ."

तिची मुदत संपली तेव्हा दवाखान्याच्या साहेबांनी कायम करतो म्हणून गळ घातली. तिने नकारार्थी मान हलवली आणि लॅब्राडोरची बदली घेतली. धक्क्यावर तिची पेटी पाद्रीबाबांनीच उचलून बोटीत ठेवली. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती, आणि गावाला आता त्याचं काही वाटत नव्हतं.