मावशींच्या तोंडचं वाक्य

नाटकमंडळीत सगळे त्यांना कुजबुजमावशी म्हणत. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची प्रत ठेवायची आणि कुणी अडखळलं की हळूच पुढचं वाक्य पुरवायचं. केस पांढरे होईस्तोवर मावशींनी हेच केलं.

मग साम्राज्य गेलं. समुद्रापलीकडचे मुलूख एकेक करून हातचे सुटले आणि देशातल्या लेखकांमध्ये रडायची साथच आली म्हणा ना! कवी तिकडच्या संध्याकाळींसाठी गळे काढू लागले, कादंबरीकार तिकडच्या बंगल्यांसाठी. ज्यांनी जन्मात बोटीवर पाय ठेवला नव्हता, तेही! तिकडच्या माणसांनी इतकी वर्षं काय सोसलं, हे विचारायला मात्र एकालाही सवड नव्हती. शी!

मावशींचा मुलगा त्याच पडझडीत तिकडे फौजेतला शिपाई म्हणून मेला. मंडळीचा नाटककार सांत्वनाला आला. चहा प्यायला, च्‌ च्‌ केलं आणि हळूच विचारलं, "बातमी कळल्यावर तुमच्या तोंडून पहिलं काय निघालं हो?"

मावशी सरळ बाई. म्हणाल्या, "मी म्हटलं, दुसऱ्याच्या घरात काय करत होता माझा पोरगा?"

वर्ष सरलं नाही तोच त्याचं नाटक आलं. त्यात शिपायाची आई ताठ मानेनं म्हणते, "आणखी एक मुलगा असता, तर तोही दिला असता!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. मावशींना रोज अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

"आई, सोड ना ते काम," मुलगी म्हणायची.

"मी असं बोलले नाही, हे ठाऊक असलेलं एक तरी माणूस तिथे हवं ना गं."

एका प्रयोगात आईचं काम करणारी नटी नेमकी तिथेच विसरली. तिनं विंगेकडे पाहिलं. मावशींचं बोट वाक्यावर होतं, पण जीभ काही रेटेना. आणि मग त्या आपलंच वाक्य कुजबुजल्या. नटीनं सवयीनं ते जसंच्या तसं उचललं.

"दुसऱ्याच्या घरात काय करत होता माझा पोरगा?"

थिएटर चिडीचूप. एक टाळी नाही. मावशींना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. आता आपली हकालपट्टी होणार, हे त्यांना कळत होतं. होऊ दे मेली!

पडदा पडताच नाटककार धावत आला आणि त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. "मावशी, काय सुचलं हो तुम्हाला! ठेवू या हे. थोडं फिरवतो फक्त. 'आपल्याच घरात परका ठरून मेला माझा पोरगा!' कसं वाटतं?"

वाक्य कुणाचं, कुठे ऐकलेलं, त्याच्या ध्यानातही नव्हतं मेल्याच्या.

"अहो, त्याचं घर इथे होतं," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे."

"वा! हेही घेऊ कुठेतरी," तो म्हणाला आणि खिशातलं पेन शोधू लागला.

पुढच्या प्रयोगाला नटीनं ते नवं वाक्य म्हटलं आणि सगळं थिएटर रुमाल काढून बसलं. आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली कशीबशी ओढून मावशी विंगेतच भडाभडा ओकल्या. तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला.

तिथे बसलेला नाटककार डोळे पुसत शेजारच्याच्या कानाला लागला. "ऐकलंत? आमच्या मावशींनासुद्धा हुंदका आवरला नाही."