भिंतीवर लावलेलं चित्र

माझी वहिनी दुसरीच्या वर्गाला शिकवते. घरात ती मोजकंच बोलते. दादा म्हणतो, हिला बोलायचा पगार शाळेत मिळतो, घरी फुकट कशाला बोलेल! पण पोरांचा विषय निघाला की बाईसाहेबांची कळी खुलते. तिच्या वर्गाचा एक नियम आहे. कुणी नुसत्या रेघोट्या ओढलेल्या असोत, कुणाच्या घोड्याची शेळी झालेली असो, प्रत्येकाचं चित्र भिंतीवर लागणार, खाली नाव घालून. एकही पोर हिरमुसायला नको. मला या नियमाचं फार कौतुक होतं. आता तो आठवला तरी माझं डोकं फिरतं.

त्या आठवड्यात ती मुलांच्या हक्कांचा पाठ घेत होती. खेळायचा हक्क, शिकायचा हक्क, मार न खाण्याचा हक्क. एवढ्याशा जिवांना हक्क म्हणजे काय कळणार? म्हणून तिने सांगितलं, घरात तुम्हाला जे नकोसं वाटतं ते काढा. दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. वर्ग सजवायची घाई, त्यात टाचण्या सापडेनात. वहिनीने गठ्ठा उचलला आणि भराभर चित्रं लावत सुटली. हात चालले, डोळे चालले नाहीत.

सभेला आलेले एक गृहस्थ भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग हसून म्हणाले, "छान काढते हो आमची चिमणी." आणि मुलीचा दंड धरून तिला घेऊन गेले. वहिनीने तेव्हा कुठे ते चित्र नीट पाहिलं. बाथरूमचं बंद दार, आत कोपऱ्यात एवढीशी मुलगी, बाहेर हातात पट्टा घेतलेला माणूस.

चिमणी शाळेत यायची बंद झाली. वहिनीने मोठ्या बाईंकडे खेटे घातले, तेव्हा त्यांनी वर कळवलं. चौकशीला दोघं जण त्या घरी गेले, चहा प्यायले आणि सांगून मोकळे झाले: घर नीटनेटकं आहे, मुलगी काही बोलत नाही. सात वर्षांची पोर बापासमोर काय बोलणार, कपाळ!

शेवटी वहिनी स्वतः निघाली. मी तापट, म्हणून मला नको म्हणत होती, तरी मी गेलेच. दार वडिलांनी उघडलं. चिमणी त्यांच्या मागे उभी होती, उकाड्यातही लांब बाह्यांचा फ्रॉक घालून. आम्ही बसायच्या आत तीच बोलली.

"बाई, ते चित्र माझं नव्हतं ना? सांगा ना पप्पांना."

वहिनीने माझं मनगट गच्च धरलं. मला वाटलं, आता ही या माणसाला चांगली फैलावर घेणार.

"नाही गं," वहिनी म्हणाली. "दुसऱ्याच्या चित्राखाली चुकून तुझं नाव घातलं मी."

"मी म्हणतच होतो," वडील म्हणाले. "असू द्या बाई, कामाच्या गडबडीत होतं असं. उद्यापासून पाठवतो."

बाहेर पडल्यावर माझा तोल सुटला. "हे शिकवतेस तू पोरांना?"

"शाळेत आली तर निदान दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर राहील," ती म्हणाली. "याहून जास्त माझ्या हातात काय आहे, तूच सांग."

चिमणी आली. मधल्या सुट्टीत खेळायला गेली नाही, रंगीत खडू घेऊन बाकावर बसून राहिली. मग कागद घेऊन वहिनीपाशी आली. कागदावर घर होतं, आईबाबांचे हात धरलेली मुलगी होती, तिघांचेही ओठ लालभडक, हसरे.

"बाई, हे दारासमोर लावा. पप्पा न्यायला आले की पहिलं हेच दिसलं पाहिजे."

वहिनीने ते दारासमोर लावलं आणि तिला शाबास म्हणाली.